शस्त्रपरवाना

अग्निशस्त्र, दारूगोळा किंवा विधीने विनिर्दिष्ट केलेले अन्य शस्त्र मिळविणे, जवळ बाळगणे आणि बरोबर वागविणे यांसाठी शासनाच्या सक्षम प्राधिकाऱ्याने दिलेली लेखी अनुज्ञा म्हणजे शस्त्रपरवाना होय. भारतात हा विषय मुख्यतः शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील शस्त्र नियम, २०१६ यांनी नियंत्रित होतो. परवाना हा नागरिकाचा अधिकार आहे की शासनाने दिलेली सवलत, हा या विषयातील मूळ वादाचा मुद्दा आहे. परवाना नाकारणे, निलंबित करणे व रद्द करणे यांविरुद्ध न्यायालयांत गेलेली बहुतेक प्रकरणे या एका प्रश्नाभोवती फिरतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : ब्रिटिश अमलापूर्वी महाराष्ट्रात शस्त्र बाळगण्यास सर्वसाधारणपणे कोणाची अनुज्ञा लागत नसे. गावचा पाटील, वतनदार, गडावरील शिबंदी आणि वाटसरू हे सर्व सशस्त्र असत. शस्त्र हे जितके संरक्षणाचे तितकेच प्रतिष्ठेचे साधन होते. कोल्हापूर संस्थानात १८४४ मध्ये सामानगड व भुदरगड येथील गडकऱ्यांनी उठाव केला. तो मोडल्यानंतर गडांवरील वंशपरंपरागत शिबंदीची पद्धत संपुष्टात आली आणि शस्त्रावर जगणारा एक मोठा वर्ग शेतीकडे वळला. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरातील २७ व्या मुंबई देशी पायदळ पलटणीतील शिपायांनी बंड केले, तेव्हा या मुलखातील निःशस्त्रीकरणाला आणखी वेग आला.

त्याच वर्षी कंपनी सरकारने शस्त्रांची नोंद करून परवाने घेण्याची सक्ती करणारा अधिनियम संमत केला. त्याला सर्वांत तीव्र विरोध दक्षिण महाराष्ट्राच्या सीमेवर झाला. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानातील हलगली (सध्या कर्नाटकातील बागलकोट जिल्हा) या गावच्या बेडरांनी शस्त्रे देण्याचे साफ नाकारले. शिकार व रखवाली हा त्यांचा पिढीजात व्यवसाय असल्याने शस्त्र जाणे म्हणजे उपजीविका जाणे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. नोव्हेंबर १८५७ च्या अखेरीस लष्कराने गावाला वेढा घालून ते जाळले आणि पकडलेल्यांपैकी अनेकांना डिसेंबरमध्ये मुधोळ व हलगली येथे फाशी दिले. पुढील वर्षी नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे यांनी जो उठाव केला, त्यामागे दत्तकाची नामंजुरी हे मुख्य कारण असले, तरी तोफा जमा करण्याच्या हुकमाचीही त्यात भर पडली होती. परवाना-पद्धतीला भारतात दिले गेलेले पहिले आव्हान न्यायालयातले नव्हते, ते असे रणांगणावरचे होते.

लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत झालेल्या १८७८ च्या भारतीय शस्त्र अधिनियमाने ही व्यवस्था कायम केली. देशी वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा अधिनियमही त्याच वर्षीचा, हा योगायोग नव्हे. शस्त्र अधिनियमाचा खरा जाच त्याखालील सवलतींत होता : यूरोपियनांना व काही विशेष वर्गांना परवान्यातून सूट होती, भारतीयांना नव्हती. ही वर्णभेदमूलक सूट १९२० च्या सुमारास नियमांतून काढून टाकण्यात आली. परवाना देण्या-न देण्याचा अधिकाऱ्याचा अनिर्बंध अधिकार मात्र तसाच राहिला.

राष्ट्रीय सभेने आपल्या प्रारंभीच्या अधिवेशनांपासून, विशेषतः १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून, या अधिनियमाविरुद्ध ठराव केले. लोकमान्य टिळकांनी केसरीतून शस्त्रबंदीवर टीका केली. अहिंसेचे पुरस्कर्ते महात्मा गांधी यांनीही १९३० मध्ये लॉर्ड अर्विनपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांतील एक आत्मसंरक्षणासाठी लोकनियंत्रणाखाली बंदुकांचे परवाने मिळावेत, अशी होती. नेहरू अहवाल (१९२८) आणि कराची ठराव (१९३१) या दोहोंत विनियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा अधिकार हा मूलभूत अधिकारांच्या यादीत समाविष्ट होता.

संविधानसभेत मात्र चित्र पालटले. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी हा अधिकार मूलभूत अधिकारांत घालण्याची दुरुस्ती सुचविली आणि कराची ठरावाची आठवण करून दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिला विरोध केला. हा अधिकार सरसकट दिल्यास गुन्हेगारी वृत्तीची माणसेही त्यावर दावा सांगू शकतील. शिवाय स्वतंत्र राष्ट्रात शस्त्र धारण करण्याच्या अधिकारापेक्षा, प्रसंगी राष्ट्रासाठी शस्त्र उचलण्याच्या कर्तव्यावर भर असला पाहिजे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. दुरुस्ती फेटाळली गेली. संविधानाच्या मूलभूत अधिकारांच्या भागात शस्त्रांचा उल्लेख राहिला तो दोन ठिकाणी : अनुच्छेद १९ मध्ये शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य म्हणून, आणि अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात शीख धर्मीयांच्या कृपाणासंबंधी. परक्या राजवटीने काढून घेतलेले शस्त्र परत मागणारी चळवळ, स्वतःची राजवट येताच शस्त्रनियंत्रणाच्या बाजूस गेली, असा आक्षेप पुढे अनेकांनी घेतला. तो अगदीच चुकीचा नाही. पण फाळणीच्या काळातील रक्तपात ज्या सभेने नुकताच पाहिला होता, तिच्या मनःस्थितीचाही विचार करणे प्राप्त आहे.

१९५९ चा अधिनियम : हा अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. पूर्वीच्या अधिनियमाहून त्याचा एक महत्त्वाचा फरक असा, की परवाना कोणत्या कारणांसाठी नाकारता येईल हे त्यात सांगितले आहे. कलम ३ अन्वये परवान्यावाचून कोणतेही अग्निशस्त्र मिळविता वा बाळगता येत नाही. तलवार, भाला यांसारख्या शस्त्रांना परवाना लागतो तो केंद्र शासनाने कलम ४ खाली एखाद्या क्षेत्रापुरती अधिसूचना काढली असेल तरच. कोल्हापुरातील मर्दानी खेळाच्या आखाड्यांत चालणारे दांडपट्ट्याचे शिक्षण व बंदुकीचा परवाना या गोष्टी विधीच्या दृष्टीने त्यामुळेच भिन्न ठरतात. (दांडपट्टा हे महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये घोषित झाले.)

परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्तांना व इतरत्र जिल्हादंडाधिकाऱ्यांना असतो. कोल्हापुरात आयुक्तालय नसल्याने जिल्हाधिकारी हेच परवाना प्राधिकारी होत. अर्ज आल्यावर नजीकच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागविला जातो. तो विहित मुदतीत न आल्यास त्याची वाट न पाहता प्राधिकाऱ्यास निर्णय देता येतो. २०१६ च्या नियमांनी अहवालासाठी ३० दिवस व त्यानंतर निर्णयासाठी ६० दिवस अशी मुदत घातली, तसेच वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण आवश्यक केले. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. नेमबाजीचे प्रशिक्षण घेणाऱ्या अल्पवयीनांना देखरेखीखाली शस्त्र वापरण्याची मुभा आहे. हिंसा वा नैतिक अधःपतन अंतर्भूत असलेल्या अपराधासाठी कारावास भोगलेल्या व्यक्तीस शिक्षा संपल्यापासून पाच वर्षे परवाना मिळत नाही.

या सर्वांत निर्णायक तरतूद कलम १३ (३) ही आहे. तिने शस्त्रांचे दोन गट पाडले आहेत. संरक्षणासाठी वा खेळासाठी लागणारी २० इंचांहून कमी नसलेल्या नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, पिकांच्या रक्षणासाठी लागणारी ठासणीची बंदूक आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाची .२२ रायफल, यांचा परवाना इतर अडचण नसल्यास द्यावयाचा असतो. ‘इतर कोणत्याही बाबतीत’ मात्र अर्जदारापाशी सबळ कारण असल्याची प्राधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर या दुसऱ्या गटात मोडतात. लांब बंदुकीच्या बाबतीत नकाराचे कारण शासनाने दाखवावयाचे व आखूड शस्त्राच्या बाबतीत मागणीचे कारण नागरिकाने पटवावयाचे, असा हा भेद आहे. आखूड शस्त्र कपड्यांत लपविता येते व शहरी गुन्ह्यांत तेच अधिक आढळते, हे त्यामागील व्यावहारिक कारण होय. मात्र ‘सबळ कारण’ या शब्दांची व्याख्या अधिनियमात नाही. व्यवसाय, नोकरी किंवा अन्य परिस्थितीमुळे जीवितास वा मालमत्तेस असलेला धोका, असे स्पष्टीकरण २०१६ च्या नियमांनी दिले. तरी धोका खरा किती हे ठरविणे शेवटी पोलिसांच्या अहवालावरच येते. व्यापारी, ठेकेदार, बांधकाम व्यावसायिक व राजकीय कार्यकर्ते यांना तो दाखविणे जितके सोपे, तितके एकट्या राहणाऱ्या वृद्धास किंवा धमक्या येणाऱ्या सामान्य साक्षीदारास सोपे नसते. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे कलम १४ (२) मध्ये स्पष्ट म्हटले असूनही व्यवहारात हा कल राहिला आहे.

परवाना मिळाल्यावरही खरेदी मुक्त नसते. ९ मिमी. व .३८ यांसारखे बोर सैन्य व पोलीस यांच्या वापरातील म्हणून निषिद्ध वर्गात असून त्यांचा परवाना केंद्र शासनाकडूनच मिळू शकतो. सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला मुख्यतः .३२ बोरचे रिव्हॉल्व्हर वा पिस्तूल येते आणि तेही बहुधा शासकीय आयुधनिर्माण कारखान्यांचे. कारण १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींसाठी होणारी आयात जवळजवळ थांबली. त्यामुळे जुन्या परदेशी बनावटीच्या शस्त्रांच्या किमती अवास्तव वाढल्या. शस्त्र अधिकृत विक्रेत्याकडून ठराविक मुदतीत घ्यावे लागते. किती काडतुसे घेता येतील याचीही नोंद परवान्यावर असते. एका परवानाधारकाने दुसऱ्यास शस्त्र विकावयाचे झाल्यास जिल्हादंडाधिकारी वा पोलीस ठाण्यास आगाऊ कळवून ४५ दिवस थांबावे लागते. एका व्यक्तीस तीन अग्निशस्त्रे बाळगण्याची १९८३ च्या दुरुस्तीने घातलेली मर्यादा २०१९ च्या दुरुस्तीने दोनवर आणली. मूळ विधेयकात ती एकच होती. वडिलोपार्जित शस्त्रांचे काय, या आक्षेपानंतर ती दोन करण्यात आली. परवान्याची मुदतही त्याच वेळी तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली. जुन्या सरदार घराण्यांची वस्ती असलेल्या कोल्हापूरसारख्या भागात वारसा म्हणून आलेल्या बंदुकांचा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. वारसाच्या नावे परवाना देण्याची तरतूद नियमांत आहे. वापरण्यास निकामी झालेली वा केवळ पुराणवस्तू म्हणून मूल्य असलेली शस्त्रे कलम ४५ अन्वये अधिनियमाच्या कक्षेबाहेर राहतात.

न्यायालयीन आव्हाने : परवाना नाकारणाऱ्या आदेशाविरुद्ध कलम १८ खाली अपील करता येते. आदेश शासनाचा वा शासनाच्या निदेशावरून दिलेला असेल, तर अपील नाही. अशा वेळी अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट अर्ज करणे एवढाच मार्ग उरतो. ही आव्हाने साधारणपणे दोन प्रकारची असतात. परवाना-पद्धतीच घटनाबाह्य आहे असे म्हणणारी थोडी. विशिष्ट आदेश मनमानी आहे असे म्हणणारी पुष्कळ.

पहिल्या प्रकारात अलाहाबाद उच्च न्यायालयातील निर्णयमालिका महत्त्वाची आहे. त्या न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८५ मध्ये असे मत दिले, की अग्निशस्त्र बाळगण्याचा परवाना ही केवळ एक सवलत असून ती देताना व्यक्तीच्या अधिकारांचा न्यायनिवाडा होत नाही. शस्त्रांच्या निर्मितीचा वा विक्रीचा परवाना हा वेगळा, कारण त्याच्याशी व्यवसायस्वातंत्र्य निगडित आहे. आठ वर्षांनंतर, १९९३ मध्ये, अल्मोड्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांविरुद्धच्या याचिकेत न्या. मार्कंडेय काटजू यांनी नेमकी उलट भूमिका घेतली. गुन्हेगार परवान्यावाचून शस्त्रे बाळगतात, शासन प्रत्येकाचे रक्षण करू शकत नाही. अशा स्थितीत कायदा पाळणाऱ्या नागरिकास निषिद्ध नसलेले शस्त्र नाकारणे हे अनुच्छेद २१ मधील जीविताच्या अधिकाराशी विसंगत होय, असे त्यांनी म्हटले. तीन महिन्यांत निर्णय न झाल्यास परवाना मिळाला असे समजावे, असाही निदेश दिला. हा निर्णय फार काळ टिकला नाही. १९९५ मध्ये त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो चुकीचा ठरविला. मुदत उलटली म्हणून परवाना आपोआप मिळतो असे मानणे हे अधिनियमाला सोडून होते, हे खरेच. पण अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतात, या ज्या व्यथेतून तो निदेश आला होता, तिची दखल नियमांनी घेतली ती २०१६ मध्ये.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये बेकायदा शस्त्रांसंबंधी स्वतःहून हाती घेतलेल्या प्रकरणात, अमेरिकेप्रमाणे भारतीय संविधानाने शस्त्र धारण करण्याचा मूलभूत अधिकार दिलेला नाही, हे पुन्हा नमूद केले. अधिनियमातील तरतूद घटनाबाह्य ठरल्याचे ठळक उदाहरण परवान्याशी संबंधित नाही : निषिद्ध शस्त्राच्या वापरामुळे मृत्यू घडल्यास देहदंड अनिवार्य करणारे कलम २७ (३) सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रद्दबातल केले.

तुलनेसाठी अमेरिकेतील स्थिती पाहणे उपयुक्त ठरते. तेथे संविधानाच्या दुसऱ्या दुरुस्तीतील शस्त्रधारणेचा अधिकार व्यक्तिगत आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने हेलर खटल्यात २००८ मध्ये दिला आणि २०१० मध्ये तो घटक राज्यांनाही लागू केला. न्यूयॉर्क राज्याच्या १९११ पासून चालत आलेल्या विधीनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल बरोबर बाळगण्यासाठी ‘उचित कारण’ दाखवावे लागे. ही अट जून २०२२ मध्ये ब्रूएन खटल्यात घटनाबाह्य ठरली. मेरिलंड राज्याने पिस्तूल खरेदीपूर्वी बोटांचे ठसे व प्रशिक्षण आवश्यक करणारा जो परवाना ठेवला आहे, तो मात्र संघीय अपील न्यायालयाच्या पूर्णपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये वैध ठरविला. म्हणजे तेथेही परवान्याची पद्धत टिकली. अधिकाऱ्याच्या खात्रीवर अवलंबून असलेली अट टिकली नाही. भारतीय अधिनियमातील ‘सबळ कारण’ हे त्याच जातीचे आहे. ते येथे निर्वेध चालते, याचे कारण मूळ अधिकारच संविधानात नाही.

दुसऱ्या प्रकारच्या आव्हानांत नागरिकाला यश अधिक मिळाले आहे. परवाना ही सवलत असली, तरी ती देणारा अधिकारी अनुच्छेद १४ ने बांधलेला असतो. आदेशात कारणे नमूद करणे कलम १४ (३) अन्वये बंधनकारक आहे. केवळ ‘आवश्यकता वाटत नाही’ एवढे लिहून अर्ज निकालात काढल्यास तो आदेश टिकत नाही. एकदा दिलेला परवाना कलम १७ खाली रद्द करताना तर सार्वजनिक शांततेला वा सुरक्षिततेला धोका कसा पोहोचतो, हे वस्तुस्थितीच्या आधारे दाखवावे लागते. परवानाधारकावर एखादा फौजदारी खटला प्रलंबित आहे किंवा तो शस्त्राचा दुरुपयोग करील अशी शंका आहे, एवढ्यावरून परवाना रद्द होऊ शकत नाही, असे उच्च न्यायालयांनी वेळोवेळी म्हटले आहे. अशा याचिकांत न्यायालय स्वतः परवाना देत नाही. प्रकरण फेरविचारासाठी परत पाठविते. अर्जदार पुन्हा त्याच कार्यालयाच्या दारी येतो, ही या उपायाची मर्यादा.

महाराष्ट्र व गोवा यांच्या दृष्टीने सर्वांत परिणामकारक निर्णय निवडणूककाळातील शस्त्रजमेविषयीचा आहे. निवडणूक जाहीर होताच जिल्ह्यातील सर्व परवानाधारकांनी शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावीत, असे सरसकट आदेश पूर्वी निघत. एका परवानाधारकाने २००९ मध्ये त्यास आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने सरसकट आदेश अवैध ठरविला. प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार करून, गुन्हेगारी पूर्वेतिहास, जामिनावरील सुटका किंवा दंगलीतील सहभाग यांसारखी कारणे असलेल्यांकडूनच शस्त्रे जमा करून घ्यावीत, असे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. निवडणूक आयोगाने त्याच वर्षी यास अनुसरून देशभर सूचना दिल्या; जिल्हादंडाधिकारी व पोलीस अधीक्षक यांची छाननी समिती हे त्याचेच फलित होय.

या निर्णयाचे महत्त्व पिस्तूलधारक व्यापाऱ्यापेक्षा शेतकऱ्याला अधिक आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगड, आजरा व चंदगड या डोंगराळ तालुक्यांत, तसेच लगतच्या सिंधुदुर्गात, शेतीसंरक्षणासाठी घेतलेल्या ठासणीच्या व काडतुसी बंदुका आहेत. ऊस, भात व नाचणी यांची रानडुकरे आणि गवे यांच्याकडून होणारी नासधूस हा तेथील नेहमीचा प्रश्न आहे. चंदगड-आजरा भागात हत्तींचीही त्यात भर पडली. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत अशा लागोपाठच्या निवडणुकांत बंदूक ठाण्यात अडकून पडली, तर नेमक्या पिकाच्या दिवसांत शेत उघडे राहते. बंदूक जवळ असल्याने जनावर मारण्याचा अधिकार मात्र मिळत नाही. गवा व हत्ती यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये सर्वोच्च संरक्षण असून रानडुकरासाठीही वनखात्याची अनुज्ञा लागते. बार काढून कळप हुसकावणे एवढाच या शस्त्राचा बहुतांशी उपयोग आहे.

याच अधिनियमाच्या कलम ३४ ने या भागात आणखी एक अट घातली आहे. अभयारण्याच्या दहा किलोमीटर परिसरातील परवानाधारकांनी आपल्या शस्त्रांची वनखात्याकडे नोंद करावयाची असते आणि त्या परिसरात मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीवाचून नवा परवाना देता येत नाही. एके काळी कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीचे रान असलेले दाजीपूरचे जंगल १९५८ पासून अभयारण्य असून पुढे ते राधानगरी अभयारण्य या नावाने विस्तारले. जेथे गव्यांचा उपद्रव सर्वाधिक तेथेच परवाना मिळणे सर्वांत कठीण, अशी ही स्थिती आहे. येथील अर्जदारास आदेशाविरुद्ध रिट अर्ज करण्यासाठी पूर्वी मुंबईस जावे लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील प्रकरणे तेथे चालतात.